आरंभरेषेवर जागा कोणाची?

धानाची कापणी-मळणी उरकली, बांध्या कोरड्या पडल्या आणि थंडीने जोर धरला, की गोंदिया जिल्ह्याच्या गावागावांत पटाची बोलणी सुरू होतात. शंकरपट हे त्याचे पूर्ण नाव. पण झाडीपट्टीत नुसते 'पट' म्हटले तरी पुरते. दिवसा बैलजोड्यांची दौड, रात्री मंडपात नाटक, घरोघर पाहुणे आणि त्या निमित्ताने सोयरिकीची बोलणी, असा तो एक छोटेखानी लोकोत्सवच असतो. या उत्सवाचा गाभा मात्र अगदी साधा आहे. सरळ धावपट्टी, हलकी गाडी, दोन बैल आणि एक धुरकरी. जोडी पाटलाची आहे की दोन एकरांच्या कास्तकाराची, हे धावपट्टी विचारीत नाही. प्रवेशाचे पैसे भरले, नाव पुकारले गेले, की ती जोडी रेषेवर उभी राहते. पुढचा निवाडा वेगाचा.

हा पट मध्यंतरी काही वर्षे थांबला होता. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला, तोही न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्या कायद्यावर शिक्कामोर्तब केले. आता जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, जनावरांना क्रूरतेने वागविल्यास शिक्षा आहे. हे निर्बंध योग्यच आहेत. मुक्या जनावराच्या पाठीवर चढून मिळविलेल्या बक्षिसाचे कौतुक कोणीही सुजाण माणूस करणार नाही.

पण बैलांच्या हिताचा प्रश्न मार्गी लागत असतानाच माणसांविषयीचा एक प्रश्न मागच्या दाराने आत आला आहे. बक्षिसे वाढली, रोख रकमेच्या जोडीला मोटारसायकली आल्या. बक्षिसे वाढताच जोड्यांच्या किमती वाढल्या आणि नांगर ओढणारी जोडी वेगळी व पटाची जोडी वेगळी, अशी फाळणी झाली. ज्याच्या घरी शेतीकामाची एकच जोडी आहे, त्याला रेषेवर उभे राहण्याची मनाई कोणी केलेली नाही. परंतु उभे राहून उपयोग नाही, अशी परिस्थिती निर्माण होत चालली आहे. अनेक पटांत खुल्या गटाबरोबर गावगट ठेवतात, तो याच जाणिवेतून. गावातल्या जोडीची गाठ गावातल्याच जोडीशी पडावी, एवढा व्यवहारी न्याय त्यात आहे.

पात्रता आणि प्रवेश

शर्यत मग बैलांची असो वा यंत्रांची, तिच्यापुढे हा प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतोच. शर्यत कोण जिंकतो, याची चर्चा जगभर होते. शर्यतीत उभे कोणाला राहू दिले जाते, याची चर्चा फारच थोडे करतात. व्यावसायिक मोटारसायकल शर्यतींच्या जगात गेली पन्नास वर्षे हाच वाद धुमसत आहे. गोंदियाच्या वाचकाला तो दूरचा वाटण्याचे कारण नाही. आमगाव, सालेकसा, देवरी येथील कोणत्याही शाळेतील शिक्षकाला 'पात्रता' आणि 'प्रवेश' या दोन शब्दांतील अंतर पुरते ठाऊक असते. विद्यार्थ्याला गुण असतात, पण जागा शिल्लक नसते. उमेदवार परीक्षा उत्तीर्ण होतो, पण यादीत त्याचे नाव येत नाही. पात्रता ही गुणांनी ठरते, प्रवेश जागांनी ठरतो. आणि जागा कोणी वाटायच्या हे ज्याच्या हाती, त्याच्याच हाती सगळा न्याय असतो.

मोटारसायकल शर्यतीत पात्रता घड्याळ ठरविते. मुख्य शर्यतीपूर्वी प्रत्येक स्वार मार्गाला फेऱ्या घालतो. ज्याची फेरी कमी वेळात पूर्ण होईल, तो आरंभरांगेत, म्हणजे 'ग्रिड'वर, पुढे उभा राहतो. फारच मागे पडणाऱ्याला उभे राहू देत नाहीत. जागतिक स्पर्धेत दीर्घकाळ ही मर्यादा १०७ टक्क्यांची होती. सर्वांत वेगवान स्वाराने १०० सेकंदांत फेरी पूर्ण केली, तर इतरांनी ती निदान १०७ सेकंदांत पूर्ण केलीच पाहिजे. २०१३ पासून सर्वोच्च वर्गात पात्रताफेरीचे दोन भाग झाले. सरावातील पहिले दहा स्वार थेट दुसऱ्या भागात जातात आणि उरलेल्यांतील पहिल्या दोघांना त्यांच्यात सामील होण्याची संधी मिळते. नियम कडक आहे, पण तो सर्वांना सारखा आहे. घड्याळाला कोणाचे आडनाव कळत नाही.

अडचण घड्याळापाशी नाही, घड्याळापर्यंत पोहोचण्यात आहे. आज मोटोजीपी या सर्वोच्च वर्गात २२ स्वार असतात. ११ संघ आणि प्रत्येकी दोन जागा, असा तो ठरीव हिशेब आहे. या जागा वर्षानुवर्षांच्या करारांनी बांधलेल्या आहेत. कोणी कितीही वेगवान असला आणि स्वतःच्या पैशाने यंत्र घेऊन फाटकापाशी आला, तरी 'तुझी फेरी मोजू' असे त्याला कोणी म्हणत नाही. आगंतुकासाठी 'वाइल्ड कार्ड' नावाची एक खिडकी आहे. पण सर्वोच्च वर्गात तिच्यातून प्रायः कारखान्यांचे चाचणी-स्वारच आत येतात. म्हणजे पात्रतेची परीक्षा उरली, परीक्षेला बसण्याचा अर्ज मात्र मिळेनासा झाला.

व्हॅनमधून फिरणारे शिलेदार

असे पूर्वी नव्हते. १९४९ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली, तेव्हापासून तीसेक वर्षे आरंभरांगेतील बहुसंख्य स्वार स्वबळावर उतरणारे असत. एका जुन्या व्हॅनमध्ये दोन मोटारसायकली, हत्यारांची पेटी, स्टोव्ह आणि अंथरूण घालून ही माणसे उन्हाळाभर युरोप पालथा घालीत. स्वारही तेच आणि कारागीरही तेच. आयोजकांना पत्रे लिहून प्रवेश मिळवायचा, हजेरीसाठी मिळणाऱ्या रकमेची घासाघीस करायची आणि त्या रकमेत पुढच्या गावचे पेट्रोल भागवायचे, हा त्यांचा संसार.

यांतील काहींनी इतिहास घडविला. ऑस्ट्रेलियाचा जॅक फिंडले हा अशाच स्वारांचा मेरुमणी. १९६८ साली ५०० सीसी वर्गात कारखान्याच्या बळावर धावणाऱ्या आगोस्तिनीच्या पाठोपाठ तो जगात दुसरा आला. १९७१ मध्ये त्याने अल्स्टरची शर्यत सुझुकीवर जिंकली; या वर्गात टू-स्ट्रोक इंजिनाचा तो पहिला विजय होता आणि तो कारखान्याच्या नव्हे, एका खाजगी स्वाराच्या नावावर नोंदला गेला. न्यूझीलंडच्या किम न्यूकोम्बची कहाणी याहून विलक्षण. त्याने नावेला लावायचे जर्मन इंजिन मोटारसायकलीवर बसविले, १९७३ मध्ये युगोस्लाव्हियाची शर्यत जिंकली आणि त्याच ऑगस्टमध्ये सिल्व्हरस्टोन येथे अपघातात तो मृत्यू पावला. त्या वर्षीच्या जागतिक क्रमवारीत त्याचे नाव मरणोत्तर दुसरे लागले.

या जमान्याला सुवर्णयुग म्हणून मोकळे होणे मात्र सोपे आणि चुकीचे आहे. प्रवेश आयोजकांच्या मर्जीवर असे. नावाजलेल्या स्वाराला भरपूर रक्कम आणि होतकरूला नकाराचे पत्र, हा सर्रास व्यवहार होता. मार्गांवर सुरक्षिततेची व्यवस्था अत्यंत तुटपुंजी होती. त्या काळी खाजगी स्वाराला दार उघडे होते हे खरे. पण त्या दारातून तो स्वस्तात राबविला जात होता, हेही तितकेच खरे. म्हणूनच १९७९ मध्ये केनी रॉबर्ट्स आणि अन्य अग्रगण्य स्वारांनी स्वतंत्र मालिकेची घोषणा करून बंडाचे निशाण उभारले आणि आंतरराष्ट्रीय संघटनेला बक्षिसांच्या रकमा वाढवाव्या लागल्या.

दार कसे बंद झाले

बंडातून सुधारणा आली, सुधारणेतून व्यवस्था आली आणि व्यवस्थेतून कुंपण आले. १९८६ मध्ये संघांची संघटना झाली. १९९२ मध्ये स्पर्धेचे व्यापारी हक्क एका स्पॅनिश कंपनीकडे गेले; २०२५ मध्ये ती कंपनी अमेरिकन मालकीखाली गेली. दूरचित्रवाणीला दर पंधरवड्याला तेच चेहरे, तेच रंग आणि वेळेवर सुटणारी शर्यत हवी असते. आयोजकाच्या मर्जीऐवजी करार आला, ही प्रगतीच होती. परंतु मर्जी निदान दरवर्षी बदलत असे; करार पाच-पाच वर्षे बदलत नाही.

गमतीची गोष्ट अशी, की रांग ओस पडू लागली, तेव्हा तेव्हा या व्यवस्थेला खाजगी संघांचीच आठवण झाली. १९९२ मध्ये ५०० सीसी वर्गात स्वार कमी पडू लागले, तेव्हा यामाहाने आपली इंजिने दोन युरोपीय सांगाडा-बांधणाऱ्यांना दिली आणि त्यांवर खाजगी स्वार उभे राहिले. २०११ मध्ये यंत्रे इतकी महाग झाली, की ठरलेले स्वार अवघे १७ उरले. लगेच २०१२ पासून नवा वर्ग निघाला. बाजारातील मोटारसायकलीच्या इंजिनावर खाजगी संघाने यंत्र उभारावे. त्याला मोसमासाठी ६ ऐवजी १२ इंजिने आणि २१ ऐवजी २४ लिटर इंधन मिळेल. मात्र प्रतिस्पर्धी कारखान्याला ठरावीक किमतीत त्याचे इंजिन मागून घेता येईल, अशी ती योजना. ही यंत्रे जिंकली नाहीत. पण रांग भरली, कारखान्यांवर दडपण आले आणि २०१६ पासून सर्वांना समान इलेक्ट्रॉनिक नियंत्रणप्रणाली वापरणे भाग पडले. स्पर्धा अधिक चुरशीची झाली ती त्यानंतर.

२६ जून २०१६ या एकाच दिवशी नेदरलँड्समधील आसन येथे घडलेल्या दोन घटना या दृष्टीने बोलक्या आहेत. सर्वोच्च वर्गात जॅक मिलर हा स्वतंत्र संघाचा स्वार जिंकला. अशा संघाला तो मान दहा वर्षांनी मिळत होता. आणि त्याच दिवशी लहान, म्हणजे मोटो-३ वर्गात महिंद्राच्या यंत्राने पहिली जागतिक शर्यत जिंकली. मुंबईच्या या कंपनीने २०११ मध्ये जागतिक स्पर्धेत पाऊल टाकले होते. पुढे तिने आपली यंत्रे खाजगी संघांना पुरविली आणि तो विजय अशाच एका स्पॅनिश खाजगी संघाच्या फ्रान्चेस्को बान्याया या इटालियन तरुणाने मिळवून दिला. हाच बान्याया २०२२ आणि २०२३ मध्ये सर्वोच्च वर्गाचा जगज्जेता झाला. महिंद्राने २०१७ अखेर स्पर्धेतून अंग काढून घेतले. पण यंत्र खाजगी संघाच्या हाती दिले तर काय घडू शकते, याचा पुरावा महाराष्ट्रातील कंपनीनेच जगाला दिला, हे विसरता येत नाही.

भारताच्या भूमीवरही याचेच प्रत्यंतर आले. सप्टेंबर २०२३ मध्ये नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी शर्यत झाली. त्यानंतर ती येथे पुन्हा झालेली नाही. शनिवारची छोटी शर्यत आणि रविवारची मुख्य शर्यत अशा दोन्ही स्वतंत्र संघांच्या स्वारांनी जिंकल्या. रविवारचा विजेता मार्को बेझेक्की तर आदल्या वर्षीच्या यंत्रावर धावत होता. २०२४ चे जगज्जेतेपदही स्वतंत्र संघाच्या खोर्हे मार्टिनने पटकावले. अर्थात हे 'स्वतंत्र' संघ कारखान्यांची यंत्रे भाड्याने घेणारे, मोठ्या पुरस्कर्त्यांचे संघ आहेत. फिंडलेच्या व्हॅनशी त्यांचे नाते दूरचेच. तरीही कारखान्याच्या थेट छत्राबाहेर गुणवत्ता असते, एवढे त्यांनी निर्विवाद सिद्ध केले आहे.

दुसरी बाजू

बंद दाराच्या समर्थकांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. ताशी ३०० किलोमीटरांहून अधिक वेगाने धावणाऱ्या स्वारांच्या मध्ये एखादा संथ स्वार आला, तर तो स्वतःच्या आणि इतरांच्याही जिवाला धोका असतो. पैशाचे पाठबळ नसलेला संघ मोसमाच्या मध्यावर कोलमडला, तर स्पर्धेचा बोजवारा उडतो. हे दोन्ही मुद्दे खरे आहेत. पण संथ स्वाराला रोखण्यासाठी १०७ टक्क्यांसारखी मर्यादा आधीपासूनच आहे. जे काम घड्याळ चोख करते, त्यासाठी कराराची गरज काय? आणि संघ कोलमडण्याची भीती फक्त खाजगी संघांविषयीच का? कावासाकीने २००८ च्या मोसमानंतर आणि सुझुकीने २०११ आणि २०२२ अखेर, असे बड्या कारखान्यांनीच रांग सोडल्याचे दाखले आहेत. कारखाना हिशेब पाहून येतो आणि हिशेब पाहून जातो. खाजगी स्वार मात्र वेडापायी आलेला असतो; तो सहजी जात नाही.

आणखी एक आक्षेप जवळचा आहे. ज्या जिल्ह्यात धानाच्या भावाची आणि पाटाच्या पाण्याची चिंता संपलेली नाही, तेथे मोटारसायकलींच्या शर्यतींची उठाठेव कशाला? आक्षेप रास्त वाटतो. पण मोटारसायकल आज गोंदियाच्या खेड्यापाड्यांत बैलगाडीइतकीच घरची झाली आहे. वेगाची हौस असलेला तरुण तेथे आहेच. त्याला रीतसर मैदान नसेल, तर तो महामार्गावर हौस भागवील, आणि त्या शर्यतीचा निकाल पुष्कळदा रुग्णालयात लागतो.

गोंदियापासून मैदान किती दूर?

अशा तरुणापुढे आज काय वाट आहे? रस्त्यावरील शर्यतींचे देशातील जुने व नियमित मार्ग चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे आणि कोइमतूरला; तेथवर गोंदियाहून रेल्वेने हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास. राष्ट्रीय स्पर्धेत टीव्हीएस, होंडा आदी कारखान्यांचा वरचष्मा. त्यांतल्या त्यात एकाच कंपनीच्या समान यंत्रांवर होणाऱ्या शर्यती होतकरूंना बऱ्या. यंत्र कंपनी देते आणि निवड वेळेच्या चाचणीवर होते. पण चाचण्या मोठ्या शहरांत. महाराष्ट्रात पुण्याच्या बालेवाडीत जानेवारी २०२४ मध्ये सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली. मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारणाऱ्या या शर्यतीला गर्दी लोटली, हे उत्तम झाले. मात्र तेथेही संघ मालकांचे आणि स्वारांची निवड लिलावातून. लिलावात बोली लागते ती नावाला. ज्याचे नाव अजून व्हायचे आहे, त्याच्यावर बोली कोण लावणार?

आणि हे सारे कोठे? ज्या राज्यात चाकणच्या कारखान्यातून निघालेली यंत्रे जगभर जातात, ज्या राज्यातील बजाज कंपनीच्या हाती २०२५ मध्ये केटीएम या ऑस्ट्रियन मोटारसायकल-उद्योगाचे नियंत्रण आले, त्या राज्यात. यंत्रे येथे घडतात. स्वार घडविण्याची व्यवस्था मात्र नाही.

करता येण्यासारखे

उपाय अवाढव्य खर्चाचे नाहीत. पहिला असा, की राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रत्येक वर्गात आरंभरांगेतील शेवटच्या काही जागा कारखान्याशी करार नसलेल्या स्वारांसाठी राखाव्यात आणि त्या केवळ वेळेच्या चाचणीवर भराव्यात. ही खिरापत नव्हे. किमान वेगाची अट त्यांनाही लागू राहील. दुसरा असा, की खाजगी स्वारांचा वेगळा निकाल आणि वेगळा चषक असावा. आयल ऑफ मॅनच्या १९०७ पासून चालत आलेल्या शर्यतीत खाजगी स्वारांसाठी असा स्वतंत्र सन्मान आहे, आणि त्याने त्या शर्यतीची शान कमी झालेली नाही. तिसरा, राज्याच्या क्रीडा खात्याने आणि मान्यताप्राप्त क्लबांनी मिळून दरवर्षी प्रत्येक महसूल विभागात एक निवड-चाचणी घ्यावी. नागपूर विभागासाठी मातीची तात्पुरती धावपट्टी, चार घड्याळे, एक रुग्णवाहिका आणि समान यंत्रे एवढे पुरेल. गोंदियाचा मुलगा सकाळच्या गाडीने नागपूरला जाऊन रात्री घरी परत येऊ शकेल. चेन्नईला जाऊ शकणार नाही. चौथा उपाय सर्वांत स्वस्त. प्रवेशाचे निकष मराठीत आगाऊ छापावेत आणि प्रत्येकाची वेळ फलकावर लावावी. ज्याला नाकारले, त्याला का नाकारले ते कळावे. कारकुनापासून विद्यार्थ्यापर्यंत प्रत्येकाला ठाऊक आहे, की अपयशाचे दुःख माणूस पचवितो. न कळलेल्या नकाराचे पचवीत नाही.

आणि जे यंत्रांच्या शर्यतीला, तेच पटाला. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीसाठी अर्ज करणाऱ्या प्रत्येक पटसमितीने बैलांच्या काळजीइतकीच गावगटाची काळजी घेतली, त्याच्या बक्षिसाचा वाटा ठरवून ठेवला, तर शंकरपट हा पैसेवाल्यांच्या जोड्यांचा तमाशा न होता कास्तकारांचा सण राहील. हे कायद्याने लादण्याची गरज नाही. समितीतील चार जाणत्यांनी मनावर घेतले तरी पुरे.

शर्यतीत हरणे यात कमीपणा नाही. पटाच्या दिवशी शेकडो जोड्या हरतात आणि संध्याकाळी त्यांचे धनी बैलांच्या पाठीवर थाप मारून नाटकाला जाऊन बसतात. पुढच्या वर्षी पुन्हा येतात. ते पुन्हा येतात, कारण रेषेवर आपली जोडी उभी राहिली होती, नाव पुकारले गेले होते आणि निकाल डोळ्यांदेखत लागला होता, याची त्यांना खात्री असते. जगातील श्रीमंत शर्यतींना पैसा, वेग आणि प्रसिद्धी यांपैकी काहीच कमी नाही. कमी आहे ती ही खात्री. आणि ती झाडीपट्टीतल्या पटावरून शिकण्यासारखी आहे, तोवर पटानेही ती गमावू नये.